वयनीच्या हॉटेलातल्या चपात्या

वयनी, रविवारी शाळेच्या हॉलात तुझी शोकसभा आहे आणि बोलायचं काम माझ्या गळ्यात आलं आहे. सभा भरवणारा रमाकांत स्वतः घरी येऊन सांगून गेला. "तू शिकलेली. शिवाय तिच्या रांधपाच्या खोलीत बसून खाल्लेली तू एकटीच. तूच बोल. आणि पावाची गोष्ट सांगायचीच हं! लोक तीच ऐकायला येणार."

पावाची गोष्ट मला झोपेतून उठवलं तरी सांगता येईल. डिचोलीच्या बाजारात ती कुणाला येत नाही? पण परवा मी मिंगेल पोदेराकडे, म्हणजे आपल्या पाववाल्याकडे, जाऊन आले आणि तेव्हापासून माझी पंचाईत झाली आहे. ती गोष्ट लोक सांगतात तशी सांगितली तर ती अर्धीच राहते. पुरी सांगितली, तर लोकांची वयनी मी त्यांच्या हातातून काढून घेतल्यासारखं होतं. काय करू, हे तुलाच विचारलं असतं. तू धड उत्तर दिलं नसतंस ते सोड, पण चहा तरी दिला असतास.

तुझं नाव सुलोचना, हे मला तू गेल्यावर पेपरातल्या चौकटीत कळलं. बाजारात दोघीतिघींनी मला थांबवून विचारलं, "ही सुलोचना कोण गो?" इतकी वर्षं तुझ्या हातचं खाल्लं, पण नाव विचारायचं कुणाला सुचलं नाही. तू नक्की कुणाची वयनी, एवढं मी एकदा विचारलं होतं. तुझा धाकटा दीर हॉटेलात तुझ्या नवऱ्याच्या हाताखाली होता, तो तुला वयनी म्हणायचा. त्याचं ऐकून गिऱ्हाइकांनी उचललं. मग दीर वास्कोला बंदरावर कामाला गेला, नवरा देवाघरी गेला, हाक तेवढी तुझ्याकडे राहिली. आजेही तुला वयनी म्हणत आणि त्यांचे नातूही. "सगळ्या गांवाची वयनी जालें," तू म्हणायचीस, "पूण हाता पोंदा एक जाव मेळूंक ना!" हाताखाली राबायला एक जाऊ मिळाली नाही, हे तुझं दुःख.

आपली ओळख करून दिली ती बसनं. म्हणजे बस वेळेवर येत नसे म्हणून. मी सर्वणहून डिचोलीच्या स्टँडवर यायची आणि तिथून म्हापशाची बस धरायची. बाबा मूळचे दोडामार्गाकडचे, खाणीवर ट्रक चालवायचे. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजची पायरी कुणी चढलं नव्हतं. हे मी आजही चारचौघांत सांगते, त्यात लपवायचं काय आहे? पण कॉलेजात जाणारी मुलगी झाली म्हणून हॉटेलात एकटी शिरायची हिंमत आपोआप येत नाही. त्या दिवशी बस गेलेली, पोटात काही नाही, आणि तुझ्या बाकांवर सगळे ट्रकवाले. भुवयांपर्यंत लाल धूळ, भाजीत पाव बुडवून चाललेला मोठमोठ्यानं गजाली-गोंधळ. मी दारात घुटमळले. तू कढईवरून मान वर न करता हाक मारलीस,

"भितर यो गो. ह्या दादल्यांचीं तोंडां पळयत बसल्यार च्या गळ्या सकल देंवचो ना."

त्यांच्या तोंडांकडे बघून चहा घशाखाली उतरायचा नाही म्हटल्यावर ते दादले हसले. त्यांच्यातला एक जण बाबांच्या ओळखीचा निघाला, तो उलट सरकून मला वाट देत म्हणाला, "जा बाय, वयनीच्या दरबारात जा." तू मला चुलीजवळ पाटावर बसवलंस. अळसांद्यांची, म्हणजे मोठ्या चवळीची, पातळ भाजी आणि मिंगेलचे दोन उंडे पाव, गोल, पाठीला कडक आणि आत लुसलुशीत. मी खात असताना तू चौकशी सुरू केलीस.

"बी.ए. म्हणजे कितवी?"

"पंधरावी."

"पंदरा वर्सां शिकून मागीर?"

"मागीर टीचर."

"आनी कपबशी विसळूंक केन्ना शिकतलें?"

मी उठून माझी बशी विसळली. तुला ती पसंत पडली नाही, तू परत विसळलीस. आणि बाहेर जाऊन त्या ट्रकवाल्यांना मात्र ऐकवलंस, "आमचें चेडूं बी.ए. करता, खबर आसा?" मी तुझं चेडूं, तुझी पोर, कधी झाले? अर्ध्या तासापूर्वी तर तू मला ओळखतही नव्हतीस.

तेव्हापासून मी तुझ्याकडे पाहत आले आहे आणि अजून तुझा थांग लागलेला नाही. श्रावणात तू पोथी लावायचीस, ती मराठी. देवाला गाऱ्हाणं घालायचीस ते कोकणी. बेळगावकडच्या ड्रायव्हरांशी मोडकं कन्नड बोलायचीस, आणि माझ्या बाबांशी चक्क मालवणी हेल काढायचीस. मी बी.ए.ला मराठी घेतलेली, शिवाय वय तसलं. त्या वर्षांत गोव्यात एकच विषय होता, राजभाषा कोकणी की मराठी. राज्य व्हायच्या आधीची ती वर्षं. मी मराठीच्या मोर्चाला गेले, घसा बसवून आले, आणि तुझ्या चुलीपाशी बसून तुला पटवायला लागले की आपलं वाचन मराठी, भजन मराठी, शाळा मराठी. तू सगळं ऐकून घेतलंस आणि म्हणालीस,

"मोर्चात तान लागली आसतली. उदक खंयचे भाशेंत मागलें?"

मी रागावले. कारण पाणी मी कोकणीतच मागितलं होतं. तरी माझं म्हणणं चूक नव्हतं, वयनी, आणि आजही मी ते सोडलेलं नाही. घरात बोलतो ती एक आणि लिहितो ती एक, म्हणून लिहितो ती परकी होत नाही. आपला हा वाद अर्धाच राहिला आहे. "तू कुणाच्या बाजूची?" असं मी किती वेळा विचारलं असेल. तू दर वेळी म्हणालीस, "हांव कढयेचे कुशीची," आणि डाव फिरवत राहिलीस. मला तेव्हा ती पळवाट वाटायची.

तर पावाची गोष्ट. लोक सांगतात ती आधी सांगते.

मिंगेल हा आपल्या भागातला एकुलता एक पोदेर. भट्टी त्याची एकच, आणि पहाटे सायकलच्या पाटीत पाव घालून भोंगा वाजवत दारोदार जाणाराही तोच. मिंगेल कोकणीच्या सभांना जायचा, पुढे बसायचा, टाळ्या वाजवायचा. इकडे रमाकांत, तेव्हा पोरगाच, आणि त्याच्या बरोबरची पोरं मराठीवाली. त्यांच्या डोक्यात आलं, की डिचोलीतल्या मराठी माणसाच्या हॉटेलात ह्याचा पाव कशाला? म्हणून ते तुझ्याकडे आले आणि म्हणाले, "वयनी, उद्यापासून मिंगेलचा पाव बंद." तू म्हणालीस, "बरें." पोरं खूश होऊन गेली.

दुसऱ्या दिवशी लोक आले तर पावाचं काचेचं कपाट रिकामं. भाजी तयार, वाफा येताहेत, आणि पाव नाही. "वयनी, भाजी खायची कशाबरोबर?" तू म्हणालीस, "तें तुमी थारायात. सभा तुमी घेतात. हांव भाजी दितां. जाका पांव जाय, ताणें आपलो हाडचो." मग त्याच्या दुसऱ्या दिवसापासून लोक घरून पाव आणू लागले. कुणाच्या खिशात, कुणाच्या पिशवीत, ट्रकवाल्यांच्या तर सीटखाली. आता पाव आणणार कुठून? भट्टी एकच. मिंगेलच्या सायकलीभोवती कधी नव्हे ती पहाटे गर्दी व्हायला लागली.

ह्याच्या पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं आहे, आतून, चुलीपाशी बसून. रमाकांत वर्तमानपत्रात गुंडाळलेले दोन उंडे घेऊन आला आणि भाजी मागवली. तू बशी ठेवलीस आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिलीस.

"खंयचो रे हो पांव?"

"आईनं घेतला."

"आवयन कोणा कडल्यान घेतलो?"

रमाकांतनं उंडा तोडायला घेतला. एका ट्रकवाल्यानं बाहेरून मिंगेलच्या भोंग्याचा आवाज तोंडानं काढला, "पों पों!" सगळं हॉटेल फुटलं. रमाकांतही हसला, त्याच्याकडे दुसरा इलाज नव्हता. त्या आठवड्यात कधीतरी मिंगेलची पाटी पुन्हा तुझ्या पायरीवर आली आणि कुणी काही बोललं नाही.

अशी ही गोष्ट. वयनीनं एका शब्दानं भांडण न करता पोरांची जिरवली. ती सांगताना लोक कमरेवर हात ठेवून तुझ्यासारखे उभे राहतात. मी बाहेरगावच्या पाहुण्यांनाही ती सांगितली आहे, शिक्षकांच्या खोलीत सांगितली आहे.

पण तुला मी दर वेळी विचारायची, "हे तुला सुचलं कसं?" आणि तू दर वेळी वेगळं सांगायचीस. एकदा म्हणालीस, देवीन बुद्द दिली. एकदा म्हणालीस, तेव्हा माझी कंबर धरली होती, पाव कापायचा कंटाळा आला होता. एकदा तर म्हणालीस, "हांवें खंय केलें? लोकांनी केलें. म्हाका कित्याक विचारता?" तुझ्या देखत कुणी ती गोष्ट सुरू केली की तू आत जाऊन भांडी आपटायचीस. मी त्याला विनय समजले. मराठीच्या पेपरात असल्या स्वभावाला मी चांगले गुण मिळवून देणारी वाक्यं लिहिली असती. आता वाटतं, आवाज त्या भांड्यांचा होता आणि मी ऐकत होते भलतंच.

सभेसाठी काही बारीकसारीक मिळेल म्हणून मी मिंगेलकडे गेले. तो आता भट्टीवर बसत नाही, मुलगा बघतो. गुडघे गेलेत. तुझ्या मर्तिकाला आला होता, पण रस्त्यापलीकडे खुर्चीत बसून होता, कारण पायऱ्या चढवत नाहीत. मी त्याला सगळी गोष्ट सांगितली. तो मजेत ऐकत होता, "पों पों"ला खो खो हसला. मग डोळे पुसून म्हणाला,

"टीचर, पूण ती आदले सांजेक म्हजेर आयिल्ली."

"कोण?"

"वयनी. दारांत रावली, भितर सरूंक ना. म्हणटा, मिंगेल, फाल्यां सावन पांव हाडूं नाका. हांवें म्हटलें, बरें."

"उद्यापासून पाव नको म्हणाली, आणि कारण नाही विचारलंत?"

"कारण सगल्यांक खबर आशिल्लें. कितें विचारतलों? पूण ती वचना. थंयच उबी. मागीर म्हणटा, मिंगेल, तुजे कडेन गंवाचें पीठ आसा?"

गव्हाचं पीठ? मला वाटलं माझं ऐकण्यात काही चुकलं. तो म्हणाला, त्या दिवशी बंद होता, बाजारातली सगळी दुकानं बंद. तुला दुसऱ्या दिवशी पावाऐवजी चपात्या करायच्या होत्या. त्याची बायको मागे उभी होती, ती भडकली. म्हणाली, "पांव नाका आनी पीठ जाय? लज ना गो तुका?"

आणि तू म्हणे तिच्याकडे बघून म्हणालीस, "लज आसा. पूण फाल्यां सकाळीं लोक खातले कितें?"

"मग?" मी विचारलं.

"मागीर कितें? पोदेरा कडेन पीठ मागलें. दिलें."

म्हणजे वयनी, तू पोरांची जिरवायला निघाली नव्हतीस. तू ऐकलं होतंस त्यांचं, बहुधा भिऊनच. पाव खरंच बंद केला होतास, आणि तो कायमचा बंद करायचीच तुझी तयारी होती. ज्या माणसाचा पाव बंद केलास, त्याच्याच पिठाच्या पिशवीवर!

मी तिथून निघाले ती रमाकांतला गाठायलाच. आता तो रिटायर झालाय, पोट आलंय, नातवाला शाळेत सोडतो. मी विचारलं, "पहिल्या दिवशी हॉटेलात चपात्या होत्या?" त्यानं आधी नाही म्हटलं. मग थांबला. मग हसायलाच लागला.

"होत्या की! हो, होत्या! अगो, ती भात खाणारी बाई, तिला चपाती कुठची येते? पानासारखी कडक. तो बेळगावचा एक ड्रायव्हर होता, त्यानं चपाती हातात धरून वाकवून बघितली आणि विचारलं, 'वयनी, ही स्टेपनीला चालेल काय?' लोक हसून हसून मेले. तिनं टोपलीसकट चपात्या आत नेल्या आणि बाहेर येऊन म्हणाली, पाव नाही, चपाती नाही, ज्याला पायजे त्यानं आपला आणा."

म्हणजे ते तुझं प्रसिद्ध वाक्य असं आलं. हरून आलं, चिडून आलं. आणि मग चपात्या गोष्टीतून गेल्या कुठे? रमाकांतलाही आठवत नव्हतं. त्या दिवशी हॉटेलात तीसेक माणसं तरी असतील, सगळ्यांनी त्या दातांनी ओढल्या असतील, आणि सांगताना एकालाही त्यांची आठवण होत नाही. मी बसनं जाता-येता ह्याचा विचार करते आहे. आदल्या दिवशीच्या बंदमुळे त्या सकाळीही बस नव्हती, मी सर्वणला घरीच होते, म्हणून मला माहीत नाही. पण तिथे असते तरी मीही त्या गाळल्या असत्या का? बहुतेक गाळल्याच असत्या. चपात्यांसकट ती गोष्ट तितकी रुबाबदार राहत नाही.

मला दुसरंच एक कोडं आहे. पीठ शेजारी मिळालं नसतं? तुझ्या डाव्या हाताला ब्राह्मणांचं घर, उजव्या हाताला वाण्याचं, त्याचं दुकान बंद असलं तरी मागचं दार उघडंच. बंदच्या दिवशी वाणी मागच्या दारानं देतो, हे डिचोलीत कुणाला सांगायला नको. मग तू मिंगेलच्या भट्टीपर्यंत चालत का गेलीस? पाव बंद म्हणून सांगायला गेलीस आणि पिठाचं तिथे सुचलं? की पाव बंद म्हणून सांगून तसंच वळायला पाय उचलेना, म्हणून काहीतरी मागितलंस? त्याच्याकडून काही घेतल्याशिवाय त्याचं दार सोडायचं नव्हतं तुला? मला हे खरंच कळून घ्यायचं आहे, आणि ते आता कळणार नाही, ह्याचा मला तुझ्या जाण्याइतकाच राग आहे.

पाटी परत कशी आली, तेही मिंगेलनं सांगितलं. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. त्यानंच एके दिवशी ठरवलं, पुरे झालं, आणि पाटी आणून तुझ्या पायरीवर टेकवली. तू बाहेर आलीस. त्याच्याकडे बघितलंस, पाटीकडे बघितलंस, आणि म्हणालीस, "इतलो वेळ कित्याक रे?"

"बस्स? इतका उशीर का, एवढंच?"

"बस्स. हांवें म्हटलें, वाटेर पंक्चर जाली."

"झाली होती?"

"खंयची पंक्चर!" मिंगेल म्हणाला.

रमाकांत पुन्हा घरी आला तेव्हा हे सगळं रविवारी सांगायचं मी त्याला बोलून दाखवलं. त्याला आवडलं नाही. "चपात्यांचं कशाला? आणि ती भ्याली होती हे कशाला? लोकांना त्यांची वयनी आठवते ती ताठ उभी राहिलेली. शोकसभेत माणसाला मोठं करतात, तू उतरवायला निघालीस."

मी म्हटलं, "मला ती उतरलेली वाटत नाही. लाज वाटत असून दारात उभी राहिली, पीठ मागितलं, पहाटे उठून चपात्या लाटल्या. मला हीच जास्त कळते. ताठ उभ्या बाईकडून मी काय शिकू? मला तर प्रत्येक ठिकाणी आधी भीतीच वाटते."

त्याचा चहा थंड झाला. मी आपली वह्या तपासायला घेतल्या, कारण तो उठतही नव्हता. मग तो म्हणाला,

"ती उगीच भ्यायली नव्हती."

मी वर बघितलं.

"पाव बंद कर सांगायला आम्ही सगळे गेलो होतो. तेव्हा ती बरें म्हणालीच नाही. म्हणाली, जायात घरा, आवयो वाट पळयतात. पोरं परत फिरली. मी मागे राहिलो. कपाटाच्या काचेवर बोट वाजवलं आणि तिला म्हटलं, ही उद्या सकाळी फुटलेली दिसली तर आमच्याकडे यायचं नाही. तेव्हा ती बरें म्हणाली."

वयनी, इतक्या वर्षांत तू हे मला सांगितलं नाहीस. कुणालाच सांगितलं नाहीस. आवयन कोणा कडल्यान घेतलो असं त्याला विचारताना, सगळं हॉटेल हसताना, तू त्याचं ते काचेचं एक वाक्य काढलं असतंस तर तो बाजारात उभा राहू शकला नसता. तू काढलं नाहीस. मी त्याला विचारलं, "तू कधी बोललास तिच्याशी ह्यावर?"

"रोज जायचो. रोज ती भाजी वाढायची. मध्ये कुठे बोलणार?"

तो उठला, दारात वाकून चपला घातल्या, आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "सांग तू. चपात्या सांग, पीठ सांग. पण ती भ्याली म्हणालीस की कुणी भिववली तेही सांगायचं. नाव घेऊन. मी पुढच्या रांगेत बसेन."

मग पायरी उतरून परत फिरला. "आणि मिंगेलला आणायला मी गाडी घेऊन जातो. त्याला चालवत नाही."

त्यामुळे रविवारी मी सगळं सांगणार आहे, वयनी. मराठीत बोलेन, तो माझा हट्ट आहे, पण तुझं बोलणं तुझ्याच तोंडचं ठेवीन, एक अक्षर न बदलता. तुला राग आला तर भांडी आपट. मात्र एका गोष्टीनं मला झोप नाही. भट्टीपासून हॉलापर्यंत त्या गाडीत ते दोघंच असतील. रमाकांत त्याला वाटेत त्या काचेचं सांगेल का? आणि मिंगेलला ते आधीपासूनच माहीत असेल तर? मागच्या सीटवर जाऊन बसावं असं फार वाटतंय मला. पण मी चालत जाणार आहे.